तारांवरचा हात

ठक ठक ठक.

भिंत वाजली तसा, सगळे ज्याला खांब म्हणत तो, चहाचं पातेलं गॅसवर सोडून बाहेरच्या खोलीत धावला. कोपऱ्यात बेस गिटार स्टँडवर उभी होती आणि तिला जोडलेला अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, घूंऽऽ करत होता. त्यानं तारांवर तळहात ठेवला. आवाज थांबला. भिंतही गप्प झाली. मागे चहा उतू गेला.

हे रोजचंच होतं. कामावरून यायचं, अँप लावायचा, चहा टाकायचा, की भिंतवाल्यानं ठोकायला सुरुवात केलीच. हा भिंतवाला कोण, हे खांबाला ठाऊक नव्हतं. भिंत दोघांची एकच, पण पलीकडच्या घराचा जिना मागच्या गल्लीत उघडायचा. त्यामुळे चेहरा नाही, शिवी नाही, नुसती ठकठक. मग खांब मुकाट्यानं अँप बंद करी आणि कोरड्या तारा छेडत बसे. कोरड्या बेसचा आवाज शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जात नाही.

खांब हे नाव त्याच्या गाण्याबजावण्याच्या ग्रुपनं पाडलेलं. स्टेजवर हा सगळ्यांच्या मागे, ना हलणं ना डुलणं. ‘‘तू एखाद दिवशी आलाच नाहीस ना, तर कुणाला पत्ताही लागणार नाही,’’ ड्रमर चिडवायचा. सगळे हसायचे, तोही हसायचा. पुढे ग्रुप पांगला. कुणी नोकरीच्या मागे गेलं, कुणी संसारात अडकलं, आणि चिडवायलाही कुणी उरलं नाही. दिवसभर तो चष्म्याच्या दुकानात आतल्या बाजूला काचा घासायचा. गिऱ्हाइकं काउंटरवरच्यांशी बोलून परत जायची. ड्रमरचं ते वाक्य त्याला आता अधूनमधून आठवायचं, आणि हसू यायचं नाही. संध्याकाळचं वाजवणं तेवढं त्याचं स्वतःचं होतं. तेही कुणाला तरी खुपत होतं.

‘‘पिकअप जुने झालेत तुझे,’’ वाद्यं दुरुस्त करणारा म्हणाला. तारांखालची ती दोन काळी डबडी त्यानं नखानं टकटकवली. ‘‘तारांची थरथर हेच पकडतात, आणि सोबत ही घरघरही. माणसाचा हात लागला की गप्प, हात काढला की पुन्हा सुरू. नवे टाक. मग हात लाव नाहीतर नको लावूस, एकदम चिडीचूप.’’

सुट्टीच्या दिवशी खांबानं बैठक मारली. तारा उतरवल्या, स्क्रू काढले, जुन्या वायरी सोडवल्या, नव्या सोल्डर केल्या. काचा बसवून हात तयार झालेला. एक थेंब इकडचा तिकडे पडला नाही. जुने पिकअप त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पुडी दाराशी ठेवली, खाली जाताना कचऱ्यात टाकायला. संध्याकाळी अँप लावला. लाल दिवा लागला आणि बाकी काही म्हणजे काही नाही. त्यानं कान लावून पाहिलं. खोली इतकी शांत झाली की त्याला स्वतःलाच जरा चुकल्यासारखं वाटलं. असो, आज चहा तरी गरम मिळणार होता. मग निवांत बसून, अँपवर, हवं तितकं वाजवायचं.

त्यानं कप तोंडाला लावला.

ठक ठक ठक.

खांब जागच्या जागी थिजला. आवाज नव्हता. तारेला बोट लागलं नव्हतं. पुन्हा ठकठक झाली, आधीपेक्षा जोरात. मग आणखी जोरात, थांबायचं नावच नाही. म्हणजे या माणसाला आवाजाचा त्रास नव्हताच. आपण इथे राहतो, याचाच होता. खांबाच्या डोक्यात तिडीक गेली. जन्मात कुणाशी भांडला नव्हता, ते आज भांडायचं ठरवून तो उठला. जाता जाता पुडी उचलली, तरातरा जिना उतरला, इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरला. कचऱ्याचा डबा वाटेत लागला, पण त्याचं लक्ष नव्हतं. मागचा जिना चढून त्यानं दारावर मूठ आपटली.

आतून पाय ओढल्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं दार उघडलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं चौकट धरलेली, अशी एक म्हातारी बाई उभी होती. तिला धाप लागली होती.

‘‘ही भिंत...’’ खांबानं सुरुवात केली.

‘‘पलीकडचे तुम्हीच का?’’ बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘‘अहो, जीव टांगणीला लावलात की माझा! गुडघ्यांनी दगा दिलाय, नाहीतर मीच आले असते धावत.’’

खांबाला काही उमजेना.

‘‘तुमचं ते काय यंत्र आहे, फ्रिज का पंप, मला बाई ठाऊक नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ते घरघरलं की मला कळतं, तुम्ही आलात. मग मी काठीनं हाक मारते. तुम्ही लगेच ते बंद करून ओ देता. रोजच्या रोज, न चुकता. तेवढं झालं की मी जेवायला बसते. मला ओ देणारं दुसरं आहे कोण? आज घरघर नाही, किती ठोकलं तरी ओ नाही. म्हटलं, झालं काहीतरी.’’

खांब उभाच राहिला.

‘‘यंत्र बिघडलं का हो?’’ त्यांनी काळजीनं विचारलं. ‘‘दुरुस्त होईल ना?’’

त्यानं हातातल्या पुडीकडे पाहिलं.

‘‘बिघडलंय खरं, आजी,’’ तो म्हणाला. ‘‘पण जुने पार्ट आहेत माझ्याकडे. तुम्ही जेवायला थांबा जरा, आत्ता करून देतो.’’