पाण्याखालचा जनाधार

मालवणच्या समुद्रतळाशी पोचताच आबासाहेबांनी सवयीने हात जोडले आणि चमत्कार झाला. प्रवाळांमधून पिवळे, निळे, पट्टेरी मासे निघाले ते थेट त्यांच्याभोवती. एक तर चष्म्याच्या काचेला तोंड लावून बघू लागला. परवाच नगरपालिकेच्या निवडणुकीत सपाटून आपटलेल्या आबासाहेबांचा ऊर भरून आला. तोंडात हवेची नळी नसती, तर ते दोन शब्द बोललेही असते. इतक्यात सगळी गर्दी शेजारी उतरलेल्या नवपरिणीत जोडप्याकडे वळली.

होडीत चढताच ते बायकोला म्हणाले, "बघितलंस? जनता आपलीच आहे. शेवटी विरोधकांनी फोडली, एवढंच."

"सायबानू," त्यांना खाली नेणारा पाणबुड्या हसला, "मी तुमच्या मागसून पाव कुस्करी होतंय. माझो पाव संपलो, मासे त्यांच्या पावाकडे गेले."

बायकोने टॉवेलात तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते. निवडणुकीत आपलं नेमकं काय चुकलं, ते आबासाहेबांना मात्र आत्ता कळलं होतं.

"पुन्हा उतरू," ते पाणबुड्याला म्हणाले. "या खेपेला पाव दुप्पट घे. आणि त्यांचा पाववाला आपल्याकडे ओढ."