मिठाचा हात

पडद्यावर जपानच्या शाळेतली मुलं गप्प बसून वाट बघत होती. इकडे बेडशाच्या शाळेत कोंडाजीआबांपुढं पत्रावळ होती आणि पत्रावळीवर भाताचा एक गोळा.

गोळा त्यांच्या नातीनं, सृष्टीनं वळला होता. तिकडच्या मियुनं कॅमेऱ्यासमोर करून दाखवला, अगदी तसा. त्याला गुंडाळायची शेवाळाची काळी पट्टी इथं मिळाली नाही, म्हणून सृष्टीनं वरून काळे तीळ लावले. तांदूळ आबांच्याच खाचरातला, इंद्रायणी. पहिला घास घरच्या वडीलधाऱ्यानं घ्यायचा, असं दोन्ही शाळांनी ठरवलं होतं.

आबांनी पुढं केलेला हात मागं घेतला.

त्यांच्या डोक्यावर अजून केसांची खुंटंच होती. गेल्या महिन्यात नदीकाठी बायकोच्या, नंदाबाईच्या दहाव्याला त्यांनी असेच गोळे मांडले होते, तीळ लावून. तेव्हापासून भाताला शिवले नव्हते. चार लोकांसमोर तरी आबा नको म्हणणार नाहीत, एवढाच सृष्टीचा हिशेब होता. दहाव्याला पोरींना कोणी नेत नाही. तिनं ते गोळे पाहिलेच नव्हते.

"काय मांडलंस गं हे म्हाताऱ्यापुढं?" शाळेत खिचडी शिजवणारी शालूबाई दारातून म्हणाली.

सृष्टी आधी तिच्याकडं, मग आबांच्या डोक्याकडं बघत राहिली. तिला कळलं. वर्गाच्या शिक्षिका आसावरीबाई तळेगावच्या, त्यांच्याही आत्ता ध्यानात आलं. त्या पत्रावळ उचलायला वाकल्या. पडद्यावरून मियुनं काहीतरी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," आबा म्हणाले. मग नातीकडं न बघताच त्यांनी विचारलं, "मीठ हाय का यात?"

"व्हय आबा." सृष्टी म्हणाली. "हाताला मीठ चोळूनच वळायचा असतो."

"ती पोरगीबी तसंच करती?"

आसावरीबाईंनी मियुला विचारलं. मियुनं दोन्ही तळवे कॅमेऱ्याजवळ आणले. पडदाभर ओले, लाल तळवे दिसले. त्यांवर शितं चिकटली होती आणि मिठाचे खडे.

आबा त्या तळव्यांकडं बराच वेळ बघत होते.

"गेलेल्याच्या भाताला मीठ नसतं, शालू," ते म्हणाले.

त्यांनी गोळा मोडला आणि घास तोंडात घातला. घास लवकर उतरेना. सृष्टी त्यांच्या गळ्याकडं बघत उभी होती.

"मीठ लय झालं, पोरी," आबा म्हणाले आणि त्यांनी दुसरा घास घेतला.