अठ्ठेचाळिसावा प्रतिसाद

प्रकल्पाच्या ऑनलाइन चर्चेत सत्तेचाळीस प्रतिसाद होते: एकतीस चूक कोणाची यावर, सोळा एकमेकांच्या स्वभावावर, दुरुस्तीवर एकही नाही. स्वयंसेवकांनी बनवलेल्या आणि कोणालाही सुधारता येणाऱ्या मुक्त वेळापत्रक-सॉफ्टवेअरमध्ये शाल्मलीने केलेल्या बदलामुळे एका शाळेचे दोन वर्ग एकाच खोलीत आले होते. तो बदल मंजूर करणारे घैसासकाका लिहीत होते, "घाई फार हो हल्लीच्या मुलांना!"

शाल्मली 'मी प्रकल्प सोडते' असं लिहीत होती, तेवढ्यात त्या शाळेच्या कुंभारबाईंचा अठ्ठेचाळिसावा प्रतिसाद आला. "भांडण सावकाश संपवा. पण उद्या नववीची चाचणी आहे, मुलं व्हरांड्यात बसवू का?"

शाल्मलीने लिहिलेलं पुसलं. "चूक माझी, बाई. आत्ता दुरुस्त करते."

"मी तरी कुठे नीट पाहिलं होतं?" काकांनी लिहिलं. "थांब, या वेळी दोघं तपासू."

दुसऱ्या दिवशी बाईंनी कळवलं, "आठ वर्ग, आठ खोल्या. व्हरांडा रिकामा."