आवाजाच्या आधी

सकाळी भूकंपाचा हलका धक्का बसला होता. सांजच्याला वावराच्या बांधावरून, धुऱ्यानं घरी परतताना रंगूबाईनं लेकीला विचारलं, "मंजुषा, भांडे आधी हालले अन् घरघर मागून आली. असं काहून वं?"

"भूकंपाच्या लाटा खडकातून झपाट्यानं येतात, आई. हवेतला आवाज मागं राह्यते."

"म्हणून तुहे बाबा धुऱ्यानं काठी आपटत येत होते. साप जमिनीतूनच आयकते म्हणत."

ती काठी गेल्या उन्हाळ्यात बाबांच्या सरणावरच ठेवली होती.

पुढं धुऱ्याच्या मधोमध नाग वेटोळं घालून बसला होता. दोघी पाय न हलवता उभ्या राहिल्या. वारा पडला होता, आसपासच्या वावरात कुणी नव्हतं. एकाएकी नागानं वेटोळं सोडलं आणि समोरून कुणी चालत यावं तसा तो सरसरत तुरीत शिरला.

"कायले पळाला तो? कोणीच तर नाही, आई. आवाज बी नाही."

रंगूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि धुऱ्यावरून खाली उतरून वाट मोकळी केली.

"आवाज मागून येते, तूच म्हणली ना?"