सरस्वतीपुरमचे एजंट

"चित्रं काढून टाकलीस?" श्रीवत्सने विचारलं. "निदान एखादा दिवा तरी ठेवायचास तुझ्या वेबसाइटच्या पानावर."

"एजंटांना दिवा दिसत नाही, अण्णा," इंचरा म्हणाली आणि उरलेसुरले रंगही पुसून मोकळी झाली.

तिच्या सेवेचं काम एकच होतं. म्हैसूरच्या कुठल्या गल्लीत आज करंट कधी जाणार, हे सांगायचं. एका उत्तराला एक रुपया. गिऱ्हाईक मात्र माणूस नव्हे. माणसाच्या वतीने इंटरनेटवर शोधाशोध आणि खरेदी करणारे हुशार प्रोग्राम, ज्यांना हल्ली एजंट म्हणतात, त्यांच्यासाठी तिने हे दुकान थाटलं होतं. सुताराला बोलवायचं तर करंट हवा, धुण्याचं यंत्र लावायचं तरी हवा; तेव्हा एजंट विचारायला येणारच, असं तिचं म्हणणं. पानावर चार ओळींचा नमुना दिला होता: गल्ली, दिवस, काम, वेळ. वर ठळक सूचना होती की ही सेवा फक्त एजंटांसाठी आहे, माणसांना उत्तर मिळणार नाही.

"दुकान उघडून गिऱ्हाइकाला हाकलणारी तू पहिलीच, पुट्टी."

"माणसं आली की घासाघीस करतात, गप्पा मारत बसतात. मशीन मुद्द्याचं विचारतं, पैसे टाकतं आणि निघून जातं."

श्रीवत्स तिचा थोरला भाऊ, अजूनही तिला लाडाने पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणणारा. तिने बंगळुरूची नोकरी सोडल्यापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. शेवटी दोघांत ठरलं: उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, शंभर एजंट नेमाने येऊ लागले, तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आले, तर तिने मुकाट्याने जुन्या कंपनीत परत जायचं. तिथल्या साहेबांनी तिची खुर्ची अजून राखून ठेवली होती. इंचराला ती खुर्ची पुन्हा नकोच होती.

तीन आठवडे काळं कुत्रंही फिरकलं नाही. इंचरा रोज पहाटे वीज मंडळाच्या लाईनमनना फोन करायची, खांबाखांबाची खबर काढायची आणि कोऱ्या पडद्याकडे बघत कॉफी प्यायची.

चौथ्या आठवड्यात एके सकाळी विचारणा आली. ‘गल्ली: सरस्वतीपुरम, सातवी. दिवस: आज. काम: इडलीचे पीठ वाटणे. वेळ: चाळीस मिनिटे.’

तिने पाठवलेलं उत्तर पोचलं, रुपया जमा झाला. तिने श्रीवत्सला हलवून उठवलं.

"मशीनला इडली कशाला हवी?" तो डोळे चोळत म्हणाला.

"मालकाला हवी असणार. आणि बघ ना, एक शब्द फालतू नाही. माणूस असता तर आजीच्या गुडघ्यापासून सुरुवात केली असती."

दुसऱ्या दिवशी त्याच एजंटाचा निरोप आला. ‘उत्तर बरोबर. शब्द जास्त. कमी करा.’ इंचराने तो तीनदा वाचला. इतक्या नेमकेपणाने तिची चूक आजवर कुणी दाखवली नव्हती. तिने उत्तरातली अर्धी वाक्यं उडवली.

मग गंमतच झाली. दुसऱ्या खात्यावरून एक नवा एजंट आला, मागोमाग पाच, मग वीस. सगळ्यांची भाषा तीच, तुटक आणि रोखठोक. ‘मोटार. टाकी रिकामी. घाई.’ ‘इस्त्री. तीन सदरे.’ दुपारी एक ते तीन मात्र सगळं चिडीचूप असायचं.

"त्या वेळी त्यांचे मोठे संगणक देखभालीसाठी बंद ठेवत असतील," इंचराने छातीठोकपणे सांगितलं. श्रीवत्सला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऑफिसात मात्र तो सांगत सुटला होता की माझ्या बहिणीने मशीनांना वेड लावलंय.

उगादीच्या सकाळी आकडा एकशे बारावर गेला. श्रीवत्सने कडुनिंब आणि गुळाची वाटी तिच्यापुढे धरली.

"घे. कडू भाग माझा, गूळ तुझा. हरलो मी."

त्याने तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला आणि ती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं. इंचराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतका आनंद तिला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. बाहेर पांढराशुभ्र पंचा नेसलेले एक वृद्ध गृहस्थ उभे होते. हातात मोगऱ्याचा गजरा आणि चेहऱ्यावर शाळेत उशिरा पोचलेल्या पोराचा भाव.

"मी नंजुंडय्या. तारखात्यातून निवृत्त झालो, राहायला सातव्या गल्लीत. लाईनमनने तुमचं घर दाखवलं, अम्मा. सणाचा दिवस आहे, मनात काही ठेवू नये म्हणून आलो."

"या ना, आत या," इंचरा म्हणाली. "करंटची काही तक्रार आहे का?"

"छे छे, झकास चाललंय." ते घुटमळले. "पस्तीस वर्षं तारा ठोकल्या, त्यामुळे मला ते मशीनसारखं तुटक लिहिणं जमून गेलं. पण बागेत फिरायला येणाऱ्या बाकीच्यांना शिकवता शिकवता नाकी नऊ आले. आमचा वेंकटाचल अजून दर वेळी ‘नमस्कार, सगळे क्षेम ना’ असं लिहितो आणि ते खोडायला मला धावावं लागतं. एकशे बारा म्हातारे आहोत आम्ही, रोज मशीनचं सोंग आणून थकलो; माणसांसाठी एखादी खिडकी उघडता का, अम्मा?"