अकरा मतं

निवडणूक खर्चाच्या नियमांवर लोकांचं म्हणणं ऐकायला विधिमंडळाची समिती ठाण्यात आली होती. "महागाई वाढलीय, खर्चाची मर्यादा वाढवा," प्रत्येक माजी उमेदवार हेच सांगत होता.

नाव पुकारताच कोपरीची मासेवाली जनी ताडकन उठली.

"साहेब, मर्यादा कमी करा!"

अध्यक्ष हसले. "ताई, तुम्ही तर महापालिकेच्या निवडणुकीत हरलात ना?"

"हरले. अकरा मतांनी!" तिचे डोळे चमकत होते. "जो जिंकला, त्यानं मर्यादेइतका पैसा ओतला. माजे चौदा हजार झाले. आता तुमीच सांगा, त्यालापन चौदाच हजारात लढाया लागलं असतं तर?"

सभागृहात टाळ्या कडाडल्या. अध्यक्षांनी पहिल्यांदाच पेन उघडलं.

"ताई, पुन्हा सांगा. सावकाश. लिहून घेतो."