नव्या दातांचा पहिला घास

शके अठराशे त्र्याण्णव, भाद्रपद मास, गौरींचे विसर्जन होऊन दुसरा दिवस. स्थळ, पारनेर तालुक्यातील पठारावरच्या एका वस्तीत सहादेव ठुबे यांच्या घराची पडवी. सहादेवांच्या तोंडात नवी कवळी बसून एक रात्र उलटली होती आणि त्या कवळीने पाण्यावाचून अद्याप कशाचीही चव घेतली नव्हती.

आत चुलीपाशी त्यांची बायको मालनबाई उसळ करीत होती. शेंगा सकाळीच शेतातून तोडून आणलेल्या. मिरची, लसूण आणि मीठ तिने पाट्यावर रगडले, तेलात परतले, वर ओला वाटाणा टाकला, शेंगदाण्याचे कूट घातले आणि झाकणावर पाणी ठेवले. हात आपापले काम करीत होते. मन पडवीत होते. चुलीला जोडलेल्या वैलावर दुसरे एक गाडगे झाकून ठेवलेले होते. त्यात ठेचलेल्या वाटाण्याची पातळ आमटी होती. ती आज लागू नये, एवढेच तिचे देवाजवळ मागणे होते.

दात गेल्यापासून सहादेव तसल्याच आमटीत भाकरी कुस्करून, भिंतीकडे तोंड करून जेवत आणि ताट सारताना “बरं हाय” म्हणत. मीठ चिमूटभर चुकले तरी साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असा वाद घालणारा माणूस “बरं हाय” म्हणू लागला, तेव्हापासून घरात कोणी आजारी असल्यासारखे तिला वाटे. आज कवळी हरली, तर उरलेला जन्म ते दोन शब्द ऐकत काढायचा होता.

पडवीत खाजाभाई येऊन बसला होता. वाटाण्याची पोती नगरला पोहोचवणाऱ्या त्याच्याच टेम्पोतून सहादेव काल दात घेऊन परतले होते. तेव्हा पहिल्या घासाला आपण हजर असलेच पाहिजे, असे त्याने येताक्षणी जाहीर केले होते.

“भाबी, आज नुसता मऊ भात द्या त्याला,” तो म्हणाला. “नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिशी खडकात न्हाई जुपत.”

“मी गोऱ्हा हाय का?” सहादेव म्हणाले. कवळीमुळे शब्दांबरोबर बारीक शीळ निघत होती.

“न्हाई. गोऱ्ह्याला सोताचे दात असत्यात.”

सहादेव हसले नाहीत. ते पाहून मालनबाईनेही आलेले हसू गिळले आणि दोघांपुढे ताटे ठेवली: टपोऱ्या, अखंड वाटाण्याची सुकी उसळ, बाजरीची कडक भाकरी, फोडलेला कांदा.

सहादेवांनी घास घेतला. तोंडात कुठेतरी टक्कन वाजले. वाटाणा दाताखालून निसटला आणि खालची पट्टी हिरडीवरून उचलली गेली. त्यांनी चावणे थांबवले. खाजाभाई आढ्याकडे पाहू लागला. सहादेव उठले, न्हाणीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि कवळी काढून तिच्यात अडकलेले वाटाण्याचे साल धुऊ लागले.

मालनबाई आत गेली आणि वैलावरचे गाडगे घेऊन आली.

सहादेव परतले ते कवळी बसवूनच. तिच्या हातातले गाडगे पाहताच त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

“ते म्हशीला घाल.”

“म्हशीला कशापायी?” खाजाभाईने आपले ताट पुढे केले. “इकडं वाढा, भाबी. आन् सहादेवा, डाक्टरनं काय सांगितलं हुतं? दोन्ही बाजूंनी चाव. तू आपला उजव्याच दाढंवर सगळा संसार टाकतो.”

सहादेवांनी दुसरा घास विभागून दोन्ही गालांत घेतला. हळू चावला. भाकरीचा पापुद्रा मोडल्याचा आवाज पडवीत स्पष्ट ऐकू आला. पुढच्या घासाला गती आली. त्यापुढचा कांद्यासकट गेला. भाकरी संपली, तेव्हा दुसरी त्यांनी कोणाला न विचारता टोपलीतून उचलली. तीही संपत आली. आता ते काय म्हणणार, हे मालनबाईला ठाऊक होते. ते कानी पडू नये म्हणून ती आत जायला वळली.

“वटाना जास्त शिजलाय,” सहादेव म्हणाले.

ती जागीच थांबली. “काय?”

“गरगट झालंय. आन् कूट इतकं कोन टाकतं? उसळ हाय का चटनी?”

गाडगे खाली ठेवून मालनबाईने त्यांच्यासमोरच फतकल मारली.

“येक तरी दाना फुटलेला दावा मला.”

“ह्यो बघ.”

“ह्यो तुमच्या बोटानं फुटला.”

“बरं. आन् लसून? लसून करपलाय.”

“अवो, माझ्या लसनाला नाव ठिवाया तुमची आई बी कधी धजली न्हाई.”

“आई भेत हुती तुला.”

मालनबाईचा आवाज चढत होता आणि डोळे भरून आले होते. भांडता भांडता तिने त्यांच्या ताटात उसळीची आणखी एक पळी रिती केली. भांडता भांडता ते ती खाऊही लागले. गलका ऐकून शेजारची बनुबाई कुंपणावरून डोकावली, दोघांची तोंडे तिने न्याहाळली आणि हसत माघारी गेली.

अखेर मालनबाईने खाजाभाईला गाठले. “भाऊ, तुमी सांगा. भीडभाड ठिवू नका.”

दोघेही त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. खाजाभाईने उसळीचा भरपूर घास घेतला, सावकाश चावला, वर घोटभर पाणी प्याला.

“लसून करपलाय, भाबी,” तो म्हणाला.